बारतोंडीचा रंग बाटलीत : हॉर्मोन बदलून वाढवलेल्या कॅलसच्या नोंदी

जागा: इंदूरमधल्या एका कॉलेजची टिश्यू कल्चरची खोली. खोली म्हणजे एक लॅमिनार (गाळलेल्या, जंतुविरहित हवेत काम करायचं टेबल), एक जुना ऑटोक्लेव्ह, दोन कपाटं आणि ट्यूबलाइट लावलेले चार रॅक. माणसं: मी, एमएस्सीचे दोन विद्यार्थी शलाका आणि तनय, शिवाय प्रयोगशाळेतले काका, ज्यांच्यावाचून इथलं पान हलत नाही.

काम: बारतोंडी, म्हणजे हिंदीतली आल. नोनी म्हणून जिचा रस विकतात तीच. माळव्यात पूर्वी आलाची शेती व्हायची. तीन-चार वर्षं झाड वाढवायचं, मग मुळं खणून काढायची आणि त्यांतला लाल रंग कापडाला द्यायचा. १८६८मध्ये जर्मनीत अ‍ॅलिझरिन हा लाल रंग कृत्रिमरीत्या तयार झाला आणि पुढे ही शेती बसली. मुळातला हा रंग अँथ्राक्विनोन वर्गातला. पानात तो दिसतही नाही, पण पानाच्या तुकड्यापासून केलेल्या कॅलसमध्ये, म्हणजे पेशींच्या बिनआकाराच्या गोळ्यात, तो उतरवता येतो. उतरेल की नाही हे बरंचसं माध्यमात कोणता हॉर्मोन घातलाय त्यावर ठरतं. आम्हाला तेवढंच बघायचं होतं. कोणी हेच करणार असेल तर उपयोग व्हावा म्हणून या नोंदी.

११ नोव्हेंबर २०२४

एमएस (मुराशिगे-स्कूग) हे ठरलेलं पोषक माध्यम, पीएच ५.८, अगार लिटरला ८ ग्रॅम. साखर दुकानातलीच, लिटरला ३० ग्रॅम. शुद्ध सुक्रोजची बाटली आणावी म्हणून तनय हटून बसला होता. आमच्या कामाला किराणा दुकानातली साखर पुरते, आजवर कधी अडलं नाही.

दोन लाइनी:
अ – २,४-डी १ मिग्रॅ/लिटर + कायनेटिन ०.२
ब – एनएए १ मिग्रॅ/लिटर + कायनेटिन ०.२

कायनेटिन हा पेशी विभागायला मदत करणारा हॉर्मोन. २,४-डी आणि एनएए दोन्ही ऑक्सिन या दुसऱ्या गटातले वाढीचे हॉर्मोन, दोन्ही बाजारात सहज मिळणारे. २,४-डी तर आपल्याकडे शेतात तणनाशक म्हणून फवारतात. दोन्ही पाण्यात सरळ विरघळत नाहीत. सोडियम हायड्रॉक्साइडच्या काही थेंबांत आधी विरघळवून मग पाणी घालायचं. पावडर थेट पाण्यात टाकून ढवळत बसलं तर अर्धी तळाशी राहते आणि लेबलवरचा आकडा खोटा ठरतो.

१४ नोव्हेंबर

पानं कॉलेजच्याच आवारातल्या झाडाची. कोवळी पण पूर्ण उघडलेली, शेंड्यापासून दुसरी किंवा तिसरी जोडी. नळाखाली अर्धा तास, ट्वीन या साबणासारख्या द्रवाचे दोन थेंब, बाविस्टीन या बुरशीनाशकात बुडवून ठेवणं, ७० टक्के अल्कोहोल अर्धा मिनिट, मर्क्युरिक क्लोराइड ०.१ टक्का चार मिनिटं, मग निर्जंतुक पाण्याने पाच वेळा धुणं. मर्क्युरीचं सांडपाणी बेसिनमध्ये जाणार नाही. त्याचा कॅन वेगळा, त्यावर लाल चिकटपट्टी.

एकेक सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे, मधली शीर घेऊन. प्रत्येक लाइनीच्या तीस बाटल्या.

२२ नोव्हेंबर

बुरशीने बारा बाटल्या गेल्या. पावसाळ्यात याच्या दुप्पट जातात, तेव्हा तक्रार नाही. खरा त्रास दुसराच: कापलेल्या कडा काळ्या पडल्या आणि तुकड्याभोवतीचं माध्यम तपकिरी झालं. शलाकाने कुठेतरी वाचलं होतं की अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल घालायचा. कोंबांच्या कामात चालेल, इथे नाही. चारकोल माध्यम तपकिरी करणारे फिनॉल शोषतो तसाच एनएए आणि २,४-डीही शोषतो. म्हणजे ज्याचा परिणाम बघायचा तोच नाहीसा. त्यापेक्षा कापताना तुकडे अ‍ॅस्कॉर्बिक आम्लाच्या द्रावणात बुडवून ठेवले, पहिले दहा दिवस बाटल्या अंधारात ठेवल्या आणि आठवड्याने ताज्या माध्यमावर हलवल्या. एवढ्याने भागलं.

९ डिसेंबर

दोन्हीकडे कडांना फेस आल्यासारखं दिसतंय. अ लाइनीत जास्त. भुसभुशीत, पांढरट, चिमट्याने उचललं तर सुटून पडणारं. ब मध्ये कमी, घट्ट आणि किंचित पिवळसर. तनयचा निकाल लगेच: «अ जिंकली.» लिहून ठेवते.

२८ डिसेंबर

वाढ थांबल्यासारखी झाली होती. कारण शोधायला उगाच माध्यमाची बनावट तपासत बसलो. रात्री थर्मामीटर ठेवून पाहिलं तर सकाळी खोलीत १४ अंश! एसी फक्त थंड करतो, आणि इंदूरच्या डिसेंबरात त्याची गरजच काय. तेलाचा हीटर आणि थर्मोस्टॅट बसवला. आता २५च्या आसपास. वीज जाते तेव्हा गोष्ट वेगळी.

हे तीन आठवडे पूर्ण वाया गेले. ज्यांच्याकडे खोलीचं तापमान दोन्ही बाजूंनी धरणारी सोय नाही त्यांनी हिवाळ्यात सुरुवात करू नये.

१७ जानेवारी २०२५

संक्रांतीमुळे मुलं उशिरा आली, तिळगुळाचा डबा लॅमिनारजवळ ठेवल्याबद्दल बोलणी खाऊन कामाला लागली.

रंगातला फरक आता डोळ्यांना दिसतो. अ फोफावली आहे, एका बाटलीत मोठा गोळा, पण दुधट. ब त्याच्या निम्मी आणि हळदीसारखी पिवळी, खालच्या बाजूला नारिंगी. दोनचार बाटल्यांत बारीक मुळंही फुटली आहेत. एनएए जरा जास्त झालं की असं होतं.

हे नवं काही नाही. बारतोंडीच्याच पेशींवर झेंक आणि सहकाऱ्यांनी १९७५ साली हेच दाखवलं होतं: एनएएवर रंग बनतो, २,४-डीवर बनत नाही. २,४-डी पेशींना फक्त विभागत ठेवतं. जी पेशी सारखी विभागते आहे ती रंग साठवायच्या भानगडीत पडत नाही. तनयला म्हटलं, जिंकलेली लाइन आता ब वर हलव. अ मधल्या गोळ्यांचे तुकडे पंधरा ब-बाटल्यांत, बाकी अ तसाच पुढे.

११ फेब्रुवारी

हलवलेले तुकडे अजून फिकेच. शलाका नाराज. वाट बघावी लागणार होतीच: २,४-डी पेशीत लवकर मोडत नाही, जुन्या तुकड्याबरोबर ते नव्या बाटलीतही थोडं येतंच. आणखी एकदा ब वर हलवले.

आज खरी गोष्ट वेगळीच घडली. काका जुन्या बाटल्या धुण्याच्या सोड्यात घासत होते. तिथून हाक आली: «मॅडम, हे पाणी लाल कसं होऊन राहिलंय?»

ब च्या बाटल्यांना चिकटलेला कॅलस सोड्याच्या पाण्यात पडल्यावर केशरीचा लाल आणि कडेला जांभळट झाला होता. अ च्या बाटल्यांचं पाणी जसंच्या तसं. अँथ्राक्विनोन अल्कलीत लाल होतात हे शिकवते मी दरवर्षी, पण बाटली घासताना कधी बघितलं नव्हतं. तेव्हापासून आमची रोजची चाचणी हीच: टाचणीच्या डोक्याएवढा कॅलस पांढऱ्या टाइलवर, वर सोड्याच्या द्रावणाचा एक थेंब. लाल झाला की ती बाटली पुढे जाणार. फोटोमीटर लागत नाही, पैसे लागत नाहीत.

१८ फेब्रुवारी

थेंबाने होय-नाही कळतं, किती ते कळत नाही. म्हणून मोजणी. कॅलस ५० अंशांवर वाळवला, कुटला, १०० मिग्रॅ पावडर ८० टक्के इथेनॉलमध्ये गरम करून काढली. द्रावणाला रंग येईनासा होईपर्यंत परत परत. मग ४३४ नॅनोमीटरला शोषण, अ‍ॅलिझरिन प्रमाण धरून.

आठवडा गेला तो या प्रमाणापायी. पुरवठादाराने अ‍ॅलिझरिनऐवजी अ‍ॅलिझरिन रेड एस पाठवलं. नाव जवळजवळ तेच, बाटली तशीच. पण ते सल्फोनेट, पाण्यात सहज विरघळणारं, हाडं रंगवायला वापरतात ते. त्याची रेघ वेगळी येते. तनयने आलेख काढला, सुंदर सरळ रेघ आली आणि सगळे आकडे निरर्थक. ऑर्डर देताना रेणुभार लिहून द्या: साध्या अ‍ॅलिझरिनचा २४०.२. रेड एसचा त्याहून बराच जास्त असतो. लेबलवर तो आकडा पाहिल्याशिवाय सील फोडू नका, फोडलेली बाटली कोणी परत घेत नाही.

२४ फेब्रुवारी

आता मिथाइल जास्मोनेट. चमेलीच्या सुगंधी तेलात १९६२मध्ये सापडलेलं. झाडाला किडीने कुरतडलं की झाड स्वतःच या जातीचे संदेश तयार करतं आणि बचावाची रसायनं वाढवतं. आपण तीच हूल बाटलीत द्यायची. ऑक्सिन काढून घेऊन रंगाला वाट मोकळी करता येते. जास्मोनेट त्यावर ढकलतं, असा आमचा अंदाज.

हिशेब, कारण यातच सगळे अडकतात: रेणुभार २२४.३, म्हणून १ लिटर माध्यमात १०० मायक्रोमोलर हवं तर २२.४ मिग्रॅ, म्हणजे साधारण २२ मायक्रोलिटर. बाटलीत माध्यम ४० मिली, एवढ्या थोड्या द्रवात थेट मोजता येत नाही. म्हणून २२ मायक्रोलिटर जास्मोनेट इथेनॉलमध्ये घालून १ मिली केलं. हा १०० मिलिमोलर साठा. त्यातला ४० मायक्रोलिटर एका बाटलीला. ऑटोक्लेव्हमध्ये घालायचं नाही, उडून जातं. माध्यम ५० अंशांपर्यंत निवल्यावर ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून. आणि इथेनॉलचाही परिणाम असू शकतो, म्हणून नुसतं ४० मायक्रोलिटर इथेनॉल घातलेल्या बाटल्या वेगळ्या हव्याच.

तिघांची तुलना: काही न घातलेल्या, इथेनॉलच्या, जास्मोनेटच्या. शिवाय सॅलिसिलिक आम्लाच्या काही. सगळ्या एकाच कपाटात, दार बंद. ब ची साठ्याची लाइन २८ तारखेला वेगळी हलवायची आणि रॅकवर ठेवायची.

सॅलिसिलिकचं एक: ते घातल्यावर पीएच पुन्हा ५.८वर आणा. नाही आणला तर अगार बसतच नाही, बाटलीत खीर राहते. आमच्या पहिल्या चार बाटल्यांची झाली.

१७ मार्च

जास्मोनेटच्या बाटल्या: वाढ जेमतेम, गोळा हरभऱ्याएवढा, पण रंग असा की टाइलवर सोडा न टाकताही कळावा. पावडरीच्या ग्रॅममागे रंग बराच वर. सॅलिसिलिकने थोडा फरक, जास्त मात्रेला नुसता काळेपणा.

इथवर ठीक. पण काही न घातलेल्या बाटल्याही ठेंगण्या आणि केशरी. इथेनॉलच्याही. त्याच दिवसांतल्या रॅकवरच्या ब बाटल्या मात्र नेहमीसारख्या वाढलेल्या, नेहमीसारख्या पिवळ्या.

शलाकाने कपाटाचं दार उघडलं आणि म्हणाली, «मॅडम, वास येतोय.» चमेलीचा, मंद पण स्पष्ट. बाटल्यांची झाकणं घट्ट नव्हती, थोडी हवा खेळावी म्हणून आपण मुद्दाम ढिली ठेवतो. जास्मोनेट उडून शेजारच्या बाटल्यांत शिरलं होतं. १९९०मध्ये फार्मर आणि रायन यांनी सेजब्रश या झुडपाच्या फांद्या आणि टोमॅटोची रोपं एका बंद भांड्यात ठेवून हेच दाखवलं होतं: हवेतून आलेल्या जास्मोनेटने टोमॅटो सावध होतो. वाचलेलं सगळ्यांनाच होतं. कपाट लावताना कोणाच्या डोक्यात आलं नाही.

म्हणजे या फेरीत कंट्रोल, म्हणजे तुलनेला धरण्यासारखं, काही उरलं नाही. रॅकवरच्या बाटल्यांशी जुळवून काहीतरी लिहिता आलं असतं, तनय तयारही होता. नको. तापमान वेगळं, प्रकाश वेगळा. फेरी रद्द.

२१ मार्च

परवा रंगपंचमी झाली. गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघाली की राजवाड्याकडचे सगळे रस्ते बंद, कॉलेजात कोणी नाही आणि दुसऱ्या दिवशी कामाला आलेली माणसंही हिरवी-गुलाबी. तनयच्या कानामागचा रंग बघून काका म्हणाले, हा पण बाटलीतला की काय.

नवी आखणी. दोन गोष्टी बदलल्या.

एक: जास्मोनेटच्या बाटल्या जिन्याखालच्या वेगळ्या कपाटात, कंट्रोल इथे. दोन्ही ठिकाणी एकेक थर्मामीटर, आणि दोन्ही अंधारात.

दुसरी जास्त महत्त्वाची. मागच्या फेरीचे आकडे जरी बिघडले तरी एक गोष्ट त्यात उघड होती. ग्रॅममागे रंग वाढला, पण गोळाच एवढासा, की बाटलीमागे रंग रॅकवरच्या साध्या बाटलीपेक्षाही कमी भरला. पेपरांत आकडे ग्रॅममागे दिलेले असतात आणि ते भारी दिसतात. रंग काढायचा तर बाटली मोजावी लागते. तेव्हा जास्मोनेट पहिल्या दिवशी द्यायचंच नाही. आधी पेशींना पोटभर वाढू द्यायचं, मग हूल द्यायची. २८ फेब्रुवारीच्या ब बाटल्या आता तीन आठवड्यांच्या आहेत, भरपूर वाढलेल्या. त्यातल्या निम्म्यांना आज जास्मोनेट: ४० मायक्रोलिटर साठा १ मिली निर्जंतुक पाण्यात जोरात हलवून गोळ्याभोवती सोडला. उरलेल्यांना तेवढंच इथेनॉल-पाणी. अगारमध्ये ते खालपर्यंत सारखं पोचेल अशी खात्री नाही. शेकर मिळाला असता तर द्रव माध्यमात केलं असतं, पण शेकर दुसऱ्या विभागाकडे आहे आणि तिथून तो यायला मुहूर्त लागतो.

२९ मार्च

काढणी. आठ दिवसांत वजनात फारसा फरक नाही, जास्मोनेटच्या गोळ्यांची कड थोडी तपकिरी एवढंच. कंट्रोल पिवळेच राहिले, हायसं वाटलं. मोजणीत बाटलीमागे रंग कंट्रोलच्या दुपटीच्या जरा खाली. माध्यमात रंग जवळजवळ नाही, तो पेशींच्या आत साठून राहतो. म्हणजे पेशी जिवंत ठेवून माध्यमातून रंग गाळून घेऊ, ही तनयची योजना बाद.

अ वरून ब वर दोनदा हलवलेली लाइनही आता चांगली पिवळी झाली आहे. शलाकाने तिला परत २,४-डीवर टाकून पाहिलं होतं, ती पुन्हा फिकी पडायला लागली. याचा उपयोग असा: साठा वाढवायला २,४-डी, रंगाला दोनदा एनएए, शेवटी आठ दिवस जास्मोनेट. एका हॉर्मोनवर दोन्ही कामं रेटायला गेलं की एकही धड होत नाही.

१२ एप्रिल

कापडावर चाचणी. सगळ्या बाटल्यांची मिळून नऊ ग्रॅम कोरडी पावडर. सुती कापडाचे तळहाताएवढे तुकडे, आधी हिरडा, मग तुरटी. पावडरीच्या पाण्यात मंद आचेवर तासभर, उकळी न आणता.

पहिले तुकडे आरओच्या पाण्यात केले. मातकट, भुरा रंग, चहा सांडल्यासारखा. मग नळाचं नर्मदेचं पाणी आणि त्यात चुन्याच्या निवळीचे काही थेंब. त्याच पावडरीतून विटकरी लाल. तुरटीतल्या अ‍ॅल्युमिनियमबरोबर कॅल्शियम असलं तरच हे लाल नीट बसतात. शुद्ध पाणी वापरून आपणच कॅल्शियम काढून टाकलं होतं. धार जिल्ह्यातल्या बाग गावचे छपाईवाले तिथल्या नदीच्या पाण्याचं कौतुक करतात ते उगाच नाही.

साबणाने धुतल्यावर लाल टिकला, थोडा जांभळाकडे झुकला. उन्हात ठेवलेला तुकडा अजून गच्चीवर आहे.

एक सूचना कळकळीची: हा कॅलस किंवा त्याचा अर्क कोणी औषध म्हणून तोंडात घालू नये. नोनी म्हटलं की लोकांना लगेच रस आठवतो. पण या वर्गातल्या रंगांत ल्युसिडिन असतं आणि ते जनुकांना अपाय करणारं म्हणून ओळखलं जातं. हातमोजे घालून काम करा.

२० एप्रिल

खर्च, वीज सोडून, पंधरा हजारांच्या आत. सगळ्यांत महाग मिथाइल जास्मोनेट, पण पाच मिलीची बाटली आमच्या प्रमाणाने संपता संपणार नाही. त्यानंतर अगार. नीमच-मंदसौरकडचं इसबगोल अगारऐवजी चालतं, आम्ही थोड्या बाटल्यांत केलं. स्वस्त आहे, पण गरम असतानाच ते चिकट होतं आणि बाटल्या भरताना हात भराभर चालवावा लागतो. चुकीच्या अ‍ॅलिझरिनचे पैसे बुडाले ते धरलेत.

या भावात रुमालही रंगणार नाही. जपानमध्ये १९८३पासून शिकोनिन हा लाल रंग वनस्पतीच्या पेशींतून काढून विकला आणि १९९६मध्ये यू वृक्षाच्या पेशींना आमच्याएवढंच, १०० मायक्रोमोलर जास्मोनेट देऊन टॅक्सॉल हे कर्करोगावरचं औषध वाढवलं, ते माल तेवढा महाग होता म्हणून. अ‍ॅलिझरिन पुडीत मिळतं. शिकवण्यासाठी मात्र बारतोंडी उत्तम: फरक डोळ्यांना दिसतो आणि मोजणीचं यंत्र बंद पडलं तरी सोडा आहेच.

एसी आता रात्रंदिवस चालू आहे, तरी दुपारी खोली २९वर जाते, म्हणून पुढची फेरी जुलैत. तोवर अ आणि ब दोन्ही लाइनी जिवंत ठेवतोय. कोणाला हव्या असतील तर महिन्याच्या शेवटी हलवताना येऊन घेऊन जा. येताना झाकणासकट जॅमच्या रिकाम्या बाटल्या आणा, आमच्या कमी पडतायत.